परदेशी विद्यार्थ्यांचं डिप्रेशन ओळखणारं मॉडेल: अ‍ॅक्युरसी १०० टक्के येतेय, काहीतरी गडबड आहे का?

वरणभात_मॅग्डेबुर्ग:

नमस्कार मंडळी, हा धागा आरोग्यमधे टाकू की तंत्रज्ञानमधे ते कळलं नाही, इथे टाकतेय, संपादकांना हलवायचा असेल तर खुशाल हलवा.

मी जर्मनीत डेटा सायन्समधे मास्टर्स करतेय. एका विषयाला मिनी प्रोजेक्ट आहे आणि आमच्या ग्रुपने आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य घेतलंय, मशीन लर्निंग वापरून. विषय मीच सुचवला कारण आजूबाजूला बघतेच आहे, ब्लॉक्ड अकाउंटमधले (व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले) पैसे पुरवून पुरवून वापरायचे, वर्षाला १४० दिवसच काम करता येतं त्याचा हिशोब ठेवायचा, हिवाळ्यात चार वाजता अंधार आणि घरी फोनवर "सगळं मस्त चाललंय गं आई". इथल्या परदेशस्थ लोकांना हे काय वेगळं सांगायचं.

डेटा आम्ही ओपन घेतलाय, २०१९ साली प्रसिद्ध झालेला, जपानमधल्या एका आंतरराष्ट्रीय विद्यापीठातला सर्व्हे. एकूण २६८ विद्यार्थी, त्यातले २०१ परदेशी आणि ६७ जपानी. प्रत्येकाचा पीएचक्यू-९ चा स्कोअर आहे (डिप्रेशनची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, ० ते २७), मग सोशल कनेक्टेडनेस म्हणजे लोकांशी किती जोडलेले वाटता ते, ८ ते ४८, आणि परक्या संस्कृतीत रुळताना होणाऱ्या ताणाचा स्कोअर, त्याचे ३६ प्रश्न, त्यात भेदभाव, घरची ओढ, नाकारलं जाणं, भीती, कल्चर शॉक, अपराधीपण असे पोटभाग. शिवाय अडचण आली तर कोणाकडे जाल याची उत्तरं आहेत, पार्टनर, मित्र, आईवडील, नातेवाईक, प्रोफेशनल, हेल्पलाइन, डॉक्टर, धर्मगुरू किंवा कोणाकडेच नाही. वय, भाषा किती येते, जपानात किती वर्ष झाली हे पण.

आता प्रश्न. ग्रुपमधल्या एकाने रँडम फॉरेस्ट (मशीन लर्निंगचं एक नेहमीचं मॉडेल) लावलं आणि डिप्रेशन हो/नाही याची अ‍ॅक्युरसी १०० टक्के आली. तो जाम खूश आहे, स्लाइड पण करून ठेवली. मला पटत नाहीये. माणसाचं मन इतकं सरळ असतं तर अजून काय पाहिजे होतं. दुसरं म्हणजे सरांनी पहिल्याच मीटिंगमधे विचारलं की हे मॉडेल कोण वापरणार आणि वापरून काय करणार, त्यावर आम्ही सगळे गप्प. आणि तिसरं, इथल्या मराठी आणि भारतीय मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपला स्वतःचा गूगल फॉर्म फिरवावा असं डोक्यात आहे, म्हणजे डेटा आपल्या लोकांचा होईल. करावं का?

---

डेटाकाका:

तुला पटत नाहीये हे चांगलं लक्षण आहे. टार्गेट लीकेज आहे हे, म्हणजे जे ओळखायचं त्याचं उत्तरच मॉडेलला आधी दिलं गेलंय, डेटा न बघता सांगतो. तुमच्या मित्राने मॉडेलला सगळेच कॉलम खायला घातले असणार. त्यात पीएचक्यूची बेरीज आहे, त्या बेरजेवरून पाडलेली तीव्रता आहे (सौम्य, मध्यम, तीव्र वगैरे), डिप्रेशनचा प्रकार आहे, आणि तुम्ही जे ओळखायला निघालात ते हो/नाही पण त्याच नऊ उत्तरांवरून काढलेलं आहे. हॉटेलच्या बिलावरचे आयटम वाचून टोटल सांगण्यासारखं झालं हे, त्यात मॉडेल काही शिकलंय असं नाही. आत्महत्येच्या विचारांबद्दलचा एक कॉलम आहे तोही काढ, पीएचक्यूचा नववा प्रश्न तेच विचारतो.

ते सगळे कॉलम काढले की अ‍ॅक्युरसी धाडकन खाली येईल. येऊ दे. मग पहिलं काम म्हणजे बेसलाइन काढ, सगळ्यांना डोळे मिटून "नाही" म्हटलं तर किती टक्के बरोबर येतं ते. बहुतेकांचं उत्तर नाहीच आहे, त्यामुळे काही न शिकता पण आकडा बरा दिसतो. तुमचं मॉडेल त्याच्या किती वर आहे तेवढीच तुमची कमाई.

आणि २०१ हा आकडा फार लहान आहे हे विसरू नका. पाचातला एक हिस्सा टेस्टला ठेवला तर ४० मुलं. त्या ४० वर ७५ टक्के अ‍ॅक्युरसी आली तर खरी अ‍ॅक्युरसी साधारण ६० पासून ८५ पर्यंत कुठेही असू शकते, नुसता रँडम सीड (कोण कुठल्या हिश्शात जाणार ते ठरवणारा आकडा) बदलला तरी आकडा नाचतो. म्हणून एकदाच स्प्लिट करून मोकळं व्हायचं नाही, क्रॉस व्हॅलिडेशन (आळीपाळीने वेगवेगळा हिस्सा टेस्टला ठेवणं) परत परत वेगवेगळ्या सीडने करायचं आणि आकड्याबरोबर त्याचा पसारा पण दाखवायचा. कोणीतरी म्हणेल क्लास इम्बॅलन्स आहे (हो कमी, नाही जास्त), स्मोट लावा, म्हणजे कमी असलेल्या गटाच्या कृत्रिम ओळी बनवा. लावायचं तर ट्रेनिंगच्या हिश्शावरच, स्प्लिटच्या आधी लावलं तर टेस्टमधल्या मुलांची मिसळलेली नक्कल ट्रेनिंगमधे जाते आणि परत तीच बोंब. एक्सजीबूस्ट, न्यूरल नेटवर्क वगैरेच्या नादी लागू नका, एवढ्या डेटावर साधं लॉजिस्टिक रिग्रेशन थोडं रेग्युलरायझेशन (मॉडेलने डेटा पाठ करू नये म्हणून घातलेला लगाम) देऊन बसवा, बहुतेक वेळा तेच टिकतं.

हो/नाही करण्यापेक्षा पीएचक्यूचा स्कोअरच आकडा म्हणून ओळखायचा प्रयत्न करा असंही सुचवेन. ९ आणि १० मधे भिंत घालून ९ वाला ठणठणीत आणि १० वाला आजारी असं करण्यात माहिती फुकट जाते.

---

गावठी_गिटार:

रोज सकाळी बारा सूर्यनमस्कार आणि रात्री मोबाइल बंद, कुठलं मॉडेल बिडेल लागत नाही. आमच्या वेळी पण होस्टेलला होतोच की आम्ही.

---

ठाणेकर_समुपदेशक:

वरच्यांचे सूर्यनमस्कार त्यांना लखलाभ, पण बेळगावच्या होस्टेलवरून दर पंधरा दिवसांनी एसटीने घरी जाणं आणि दोन वर्ष तिकिटाचे पैसे नाहीत म्हणून घरी न जाणं यात फरक आहे.

धागाकर्ते ताई, मी समुपदेशन करते, परदेशातली मुलं पण ऑनलाइन येतात. कोडिंगमधलं मला कळत नाही पण ज्या गोष्टीला तुम्ही लेबल म्हणताय तिच्याबद्दल बोलू शकते, आणि मला वाटतं खरी मेख तिथे आहे.

पीएचक्यू-९ ही निदान नव्हे, चाळणी आहे. क्रोएन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी २००१ मधे तिचा अभ्यास मांडला तेव्हा १० आणि त्याच्यावर असा कट-ऑफ धरला तर सेन्सिटिव्हिटी (डिप्रेशन असलेल्यांपैकी किती पकडले) आणि स्पेसिफिसिटी (नसलेल्यांपैकी किती बरोबर सोडले) दोन्ही ८८ टक्के आल्या होत्या, आणि ते अमेरिकेतल्या दवाखान्यात आलेल्या पेशंट्सवर. म्हणजे मूळ चाळणीच चुकते कधीकधी. तुमचं मॉडेल माणसाला ओळखायला शिकत नाही, चाळणीचं उत्तर ओळखायला शिकतं. हे रिपोर्टमधे पहिल्या पानावर लिहा.

आता प्रश्न काय आहेत ते बघा. मागच्या दोन आठवड्यात किती दिवस त्रास झाला असं विचारतात आणि ० ते ३ मार्क देतात. झोपेचा एक प्रश्न, थकव्याचा एक, भुकेचा एक. नवीन गेलेला मुलगा, गोदामात रात्रीची शिफ्ट करणारा, मेसचं जेवण घशाखाली उतरत नाही, तो या तिन्हींना ३-३ देईल, झाले ९. अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून १. दहा! मन उदास आहे का याला त्याने ० दिलाय तरी बेरजेने तो मध्यम डिप्रेशनमधे बसला. उलट, याच प्रश्नावलीची दुसरी पद्धत आहे, तिच्यात पहिल्या दोन प्रश्नांपैकी (कशात रस वाटत नाही किंवा उदास वाटतं) एक तरी निम्म्याहून जास्त दिवस असावाच लागतो, त्याशिवाय डिप्रेशन धरतच नाहीत. हाच मुलगा त्या पद्धतीने "नाही" मधे जातो. तुमच्या डेटात दोन्ही प्रकारचे कॉलम आहेत असं डेटाकाकांच्या लिहिण्यावरून वाटतंय, तर दोन्ही पद्धती कुठे एकमेकींशी भांडतात ते शोधा ना. मला तर ती भांडणारी मुलं कोण आहेत यात जास्त रस आहे.

आणि आपली मुलं "मला डिप्रेशन आहे" म्हणत येत नाहीत हो. डोकं दुखतं, अ‍ॅसिडिटी, छातीत धडधड, "काही नाही, जरा कंटाळा आलाय". बरीच बोलणी झाल्यावर कधीतरी कर्जाचा विषय निघतो. वडिलांनी घर किंवा शेत तारण ठेवलंय, हप्ता सुरू व्हायचाय आणि नोकरीचा पत्ता नाही. ताणाच्या त्या ३६ प्रश्नांत अपराधीपणाचे प्रश्न आहेत, घरच्यांना मागे सोडून आलो, इथे वेगळ्या पद्धतीने राहतो त्याचं अपराधी वाटतं, अशा अर्थाचे. पण शैक्षणिक कर्ज किती, हा कॉलम तुमच्याकडे आहे का? नसणार. भारतीय मुलांसाठी तोच सगळ्यात जड असायची शक्यता आहे आणि जे विचारलंच नाही ते मॉडेल कुठून सांगणार.

---

वरणभात_मॅग्डेबुर्ग:

काका, ताई, खूप आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

कॉलम काढून बघितले. अ‍ॅक्युरसी आली जमिनीवर, बेसलाइनच्या थोडीशीच वर. मित्र दोन तास बोलला नाही माझ्याशी. कर्जाचा कॉलम खरंच नाहीये, पैशाबद्दलचं काहीच नाही.

एक टेबल काढलं, ते इथे देते, काय म्हणाल बघा. नुसती परदेशी मुलं घेतली आणि किती वर्ष राहिलीत त्यावर गट पाडले. पहिल्या वर्षाची ९५ मुलं, पीएचक्यूची सरासरी ७.४८, ताण ७२.८०. दुसऱ्या वर्षाची ३९, पीएचक्यू ८.२८, ताण ७७.६७. तिसऱ्याची ४६, पीएचक्यू ९.०९, ताण ७८.००. चौथ्याची १४, पीएचक्यू ८.५७, ताण एकदम ८७.७१. आणि जोडलेपणा पहिल्या वर्षी ३८.११ तो चौथ्या वर्षी ३३.९३. म्हणजे जितकी वर्ष जास्त तितका ताण जास्त असं दिसतंय!! मला वाटायचं सुरुवातीला त्रास आणि मग माणूस रुळतो. हीच आमची फाइंडिंग करू का?

आणि डेटा लहान असल्याचा वांधा आहे तर कॅगलवर (डेटासेट शेअर करायची वेबसाइट) भारतीय विद्यार्थ्यांचा डिप्रेशनचा मोठा डेटासेट आहे, २७ हजारच्या वर ओळी. तो घेतला तर?

---

डेटाकाका:

टेबल छान आहे पण फाइंडिंग करायची घाई नको. चौथ्या वर्षाची फक्त १४ मुलं आहेत, दोघातिघांचे स्कोअर इकडेतिकडे झाले तर सरासरी हलते. आणि पाच वर्षं आणि त्यापुढचे तू दिले नाहीस पण एकूण २०१ मधून वजा केले तर सातच उरतात, त्यांच्यावर तर काही बोलूच नये.

त्याहून महत्त्वाचं, ही तीच मुलं चार वर्ष पाहिलेली नाहीत. एकाच वेळी चार वेगळ्या बॅचना विचारलंय. चौथ्या वर्षाचा ताण जास्त दिसतो तो वर्ष वाढल्यामुळे, का ती बॅचच वेगळी, का चौथ्या वर्षात नोकरीची शोधाशोध सुरू असते म्हणून, हे या डेटातून वेगळं काढता येत नाही. आणि ज्यांना झेपलं नाही ते दुसऱ्या वर्षीच घरी परत गेले असतील तर ते तुझ्या टेबलात नाहीतच, म्हणजे खरा आकडा याहून वाईट पण असू शकतो. "रुळतो" हे तुझं म्हणणं चूक आहे असंही यातून सिद्ध होत नाही. "वर्ष आणि ताण एकत्र वाढताना दिसले, कारण माहीत नाही", एवढंच लिहा. एवढं लिहिणारे ग्रुप कमी असतात, सर खूश होतील.

फीचर इम्पॉर्टन्सचा (मॉडेलला कुठला कॉलम किती महत्त्वाचा वाटला त्याचा) बार चार्ट टाकणार असाल तर तिथे पण जपून. ताणाची एकूण बेरीज आणि तिचे सात पोटभाग दोन्ही ठेवले तर महत्त्व त्यांच्यात कसंही वाटलं जातं, एकदा भेदभाव वर दिसेल, सीड बदलला की घरची ओढ वर. एकतर बेरीज ठेवा नाहीतर पोटभाग.

---

कल्याण_फास्ट:

तो २७ हजारवाला डेटासेट घेऊ नकोस!! मी घेतला होता कॉलेजात. त्यात शहरांच्या यादीत सगळ्यात जास्त विद्यार्थी कल्याणचे आहेत, वसई-विरार पण जोरात आहे, तेव्हा मी फार खूश झालो होतो की आमच्या गावावर कोणीतरी रिसर्च केला. मग शहराच्या कॉलममधे मधेच एम.टेक. आणि एम.कॉम. अशी डिग्रीची नावं सापडली. म्हणजे कोणीतरी भरलेला फॉर्म नाहीये तो, मशीनने तयार केलेला डेटा वाटतो. कोणाला विचारलं, कधी विचारलं, कसं विचारलं, काही पत्ता नाही. २७ हजार खोट्या मुलांपेक्षा २०१ खरी बरी.

मलेशियातल्या एका विद्यापीठाचा पण एक फिरतो, तो खरा आहे पण त्यात १०१ च ओळी आहेत आणि त्यात डिप्रेशन आहे का असं सरळ हो/नाही विचारलंय.

(अवांतर: मॅग्डेबुर्गला चितळ्यांची बाकरवडी मिळते का? भाऊ येणारे तिकडे सप्टेंबरात.)

---

स्नो_मधला_सोलापूरकर:

मी अमेरिकेत आहे, पीएचडी, विषय वेगळा पण लॅबमधले काही लोक फोनच्या सेन्सरवर काम करतात म्हणून थोडं माहितीये. प्रश्नावलीला कंटाळून लोक तिकडे वळले. सगळ्यात गाजलेला प्रयोग म्हणजे डार्टमथचा स्टुडंटलाइफ, २०१३ सालचा, ४८ विद्यार्थी, एक टर्म म्हणजे १० आठवडे, फोनवरून झोप किती, आजूबाजूला बोलणं किती, किती हिंडतो हे आपोआप मोजलं आणि पीएचक्यूशी ताडून पाहिलं. भारी काम होतं, पण ४८ जण, एकच कॉलेज. नंतर वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोकांनी ग्लोबेम नावाने २०१८ ते २०२१ असा चार वर्षांचा डेटा जमवला आणि मुद्दाम तपासलं की एका वर्षाच्या मुलांवर शिकवलेलं मॉडेल दुसऱ्या वर्षाच्या मुलांवर चालतं का. नीट चालत नाही. तेच विद्यापीठ, फक्त वर्ष दुसरं, तरी ढेपाळतं. मग जपानच्या मुलांवर शिकवून मॅग्डेबुर्गच्या मराठी मुलावर चालवणं म्हणजे नुसती आशा.

आणि आपल्या लोकांचं वागणं सेन्सरला कळतच नाही. मी रात्री अडीचला जागा असतो तेव्हा सोलापूरला दुपार असते, आईशी बोलतो, तो अर्धा तास माझा दिवसातला सगळ्यात चांगला असतो, पण फोनला दिसणार "रात्री जागा, घराबाहेर नाही, झोप कमी". मजकुरावरून ओळखणारी मॉडेल्स पण तशीच, बहुतेक इंग्रजीवर शिकलेली, आणि आपण टाइप करतो रोमनमधे मराठी, मधे हिंदी, मधे एखादा मीम. पुण्यातल्या एल३क्यूब गटाने मराठीची भाषामॉडेल्स आणि ट्वीट्सवरून सेंटिमेंटचा डेटा काढलाय, मिश्र मराठी-इंग्रजीवर पण काम केलंय, पण ट्वीटमधला राग ओळखणं वेगळं आणि "हो रे, ठीक आहे" मधलं ठीक नसणं ओळखणं वेगळं.

आता खरं सांगतो, फॉर्मवर खरं कोण लिहितं? डिग्री झाल्यावर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावर काही काळ काम करायची परवानगी) असताना आम्हाला एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही, नंतर स्टेटस जातं. त्या दिवसात विद्यापीठाकडून "तुमच्या मानसिक आरोग्याविषयी एक छोटा सर्व्हे" आला तर पहिला विचार काय येतो, हे कुठे कुठे जाईल? व्हिसावाल्यांना दिसेल का? खरंतर दिसत नाही, पण भीती खरी आहे ना. आम्ही सगळ्यांनी ० ० ० ० टाकून सबमिट केलंय कधी ना कधी. तुमच्या मॉडेलसाठी आम्ही एकदम निरोगी.

---

जोगेश्वरीची_जुई:

एवढं नकारात्मक का सगळं? मी एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात ऑफिसचं काम बघायचे, तिथे वेटिंग लिस्ट इतकी असायची की ज्याला आज भेटायला हवं तो महिन्याने भेटायचा. कोणाला आधी बोलवायचं हे मॉडेलने सांगितलं तर वाईट काय? माणूस तरी काय देवासारखं ओळखतो का.

---

ठाणेकर_समुपदेशक:

जुई, तुमचा मुद्दा बरोबर आहे पण एक फरक करा. जो स्वतःहून मदत मागायला आलाय त्याच्या रांगेतला क्रम लावायला मॉडेल वापरणं वेगळं, आणि न मागता सगळ्या विद्यापीठातून "धोक्यातली" मुलं शोधून काढणं वेगळं. पहिल्याला माझी हरकत नाही, वर माणूस बसलेला असला तर.

---

डेटाकाका:

ताई म्हणतायत त्या दुसऱ्या प्रकाराचा हिशोब मांडून दाखवतो, आकडे कल्पनेतले आहेत पण गणित खरं आहे. समजा १०,००० विद्यार्थी, त्यातले १०० खरोखर गंभीर धोक्यात. मॉडेल फारच भारी, धोक्यातल्या शंभरातले ९० पकडतं आणि धोक्यात नसलेल्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर सोडून देतं. उरलेल्या ९,९०० मधून १० टक्के म्हणजे ९९० जण उगाच पकडले जातात. म्हणजे १,०८० जणांना ईमेल जाणार आणि त्यातले खरे ९०, बारातला एक. बाकी अकरा जणांना परक्या देशात पत्र येणार की विद्यापीठाला तुमची काळजी वाटते, आणि सोलापूरकर म्हणतायत त्या भीतीत अजून भर. शिवाय १० सुटले ते सुटलेच, आणि त्यांच्याबाबतीत सगळे निर्धास्त. तुमच्या २०१ मुलांवरचं मॉडेल ९० टक्क्यांच्या आसपास पण जात नाहीये हे वेगळंच.

वरणभात, तुझ्या सरांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे बघ. मॉडेल कोण वापरणार? विद्यार्थ्यावर निशाणा लावायला कोणीच नाही. पण विद्यापीठाला स्वतःकडे बघायला वापरता येईल. म्हणजे टार्गेटच बदल. डिप्रेशन ओळखायच्या ऐवजी "मी कोणाकडेच जाणार नाही" हा जो कॉलम आहे तो ओळखायचा प्रयत्न कर. कुठल्या प्रकारची मुलं कोणाकडेच जात नाहीत? ज्यांना तिथली भाषा कमी येते ती? ज्यांचं जोडलेपण कमी ती? पहिल्या वर्षाची का तिसऱ्या? यातून जे निघेल त्यावर करण्यासारखं काहीतरी असतं, समुपदेशक कुठल्या भाषेत बोलतो, केंद्र संध्याकाळी उघडं असतं का, पहिल्या आठवड्याच्या ओरिएंटेशनमधे एक स्लाइड दाखवून मोकळे होता का परत तिसऱ्या वर्षी पण सांगता. चुकलं तरी कोणाच्या कपाळावर शिक्का बसत नाही.

---

ठाणेकर_समुपदेशक:

+१ काकांना, हे आवडलं. मदत घेण्याबद्दलचे ते प्रश्न ० किंवा १ नसून १ ते ७ असे असतात, तर मित्र आणि प्रोफेशनल यातलं अंतर पण बघा. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं आधी रूममेटशी बोललेली असतात. रूममेटला काय करायचं ते सांगणं हे कधीकधी मुलाला शोधण्यापेक्षा सोपं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी आलंच नाही, गूगल फॉर्म. कृपया असाच फिरवू नका. एक तर नववा प्रश्न. मरून गेलं तर बरं असे विचार येतात का, असं विचारतो तो. रात्री दोन वाजता कोणी "रोज" वर टिक केली आणि फॉर्म निनावी आहे, तर तुम्ही काय करणार? काहीच करता येणार नाही, आणि ते कळल्यावर तुम्हालाच झोप लागणार नाही. म्हणूनच तो प्रश्न वगळून पीएचक्यू-८ वापरतात, जिथे मागोवा घ्यायची सोय नसते तिथे. तो वापरा, आणि फॉर्मच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे मदतीचे नंबर द्या. जर्मनीतली टेलिफोनझेलसोर्ग ही हेल्पलाइन २४ तास आहे, ०८०० १११० १११, फुकट, पण मुख्यतः जर्मन. विद्यार्थ्यांसाठी स्टुडिएरेंडनवेर्कचं (विद्यार्थ्यांच्या सोयीसुविधा बघणारी संस्था) समुपदेशन असतं, तिथे इंग्रजी चालतं का ते आधी विचारून मग लिहा. भारतात घरच्यांना बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलता येतं. पालकही हवालदिल झालेले असतात हे विसरतात सगळे.

---

स्नो_मधला_सोलापूरकर:

आणि निनावी म्हणजे निनावी नसतं. वय, लिंग, गाव, कोर्स, किती वर्ष झाली, एवढं विचारलं की मॅग्डेबुर्गमधल्या मराठी मुलांच्या ग्रुपमधे अर्ध्या लोकांना कळेल कोण ते. जपानच्या डेटात पण सहा-सात वर्षांच्या पुढे एकेकच मुलगा असणार एकेका ओळीत. गावाचं नाव विचारूच नका, वयाचे गट करा, कोर्स नको. युरोपात आहात, आरोग्याची माहिती जीडीपीआरमधे (तिथला खाजगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा) खास वर्गात मोडते, तेव्हा विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीला विचारल्याशिवाय काही करू नका, मिनी प्रोजेक्ट असला तरी. कोणी ग्रुपमधे वेबकॅमवरून चेहरा वाचून मूड ओळखूया म्हणालं तर त्याला बसवा खाली, शिक्षणसंस्थांमधे तसली सिस्टिम वापरायला युरोपियन युनियनच्या एआय कायद्याने फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे, वैद्यकीय किंवा सुरक्षेचं कारण सोडून.

---

गावठी_गिटार:

मी चेष्टेत लिहिलं होतं, पण वाचतोय सगळं. भाचा कॅनडात आहे, फोनवर नेहमी मस्तच म्हणतो. त्याला काय विचारू मग?

---

ठाणेकर_समुपदेशक:

कसा आहेस विचारलं की "मस्त" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा काल काय जेवलास, कोणाबरोबर जेवलास, झोप कधी लागते हे विचारा. मार्क आणि नोकरीचं पहिल्या पाच मिनिटात काढू नका. आणि तुम्ही स्वतः आठवड्यातून एक ठरलेल्या वेळी फोन करा, त्याच्या वेळेप्रमाणे.

---

वरणभात_मॅग्डेबुर्ग:

मंडळी, ग्रुपची मीटिंग झाली. गूगल फॉर्म रद्द, तेवढा वेळ पण नाहीये एथिक्सच्या मंजुरीला. टार्गेट बदललं, "कोणाकडेच जाणार नाही" घेतलं, आणि ताईंनी सांगितलेली भांडणारी मुलं, म्हणजे बेरजेने हो आणि दुसऱ्या पद्धतीने नाही, त्यांचा एक वेगळा भाग करतोय. १०० टक्केवाली स्लाइड मित्राने काढायला नकार दिला, मग ठरलं की तीच पहिली ठेवायची आणि त्याच्या खाली लीकेज कसं झालं ते दाखवायचं, आता तो परत खूश आहे. सरांना मधे विचारलं, ते म्हणाले या दिशेने जा.

एक शेवटचं विचारते, सीएसव्हीमधे (डेटाच्या फाइलमधे) २६८ च्या ऐवजी २८६ ओळी दिसतायत. शेवटच्या १८ मधे परदेशी/जपानी हा कॉलम रिकामा आहे पण बाकी कुठे कुठे आकडे आहेत. हे अर्धवट भरलेले फॉर्म आहेत का? सरासरीने भरून घेऊ?

---

डेटाकाका:

नको नको, भरू नका, त्या १८ ओळी म्हणजे मुलं नाहीतच. खाली कोणीतरी एक्सेलमधे केलेली मोजणी राहून गेलीये, हो किती नाही किती अशी, म्हणून मधे मधे आकडे दिसतात. त्या भरल्या तर १८ भुतं ट्रेनिंगमधे जातील. परदेशी/जपानी जिथे रिकामं आहे त्या ओळी सगळ्यात आधी उडवायच्या, मग २०१ आणि ६७ मोजून बघायचे आणि मगच पुढे.

@कल्याण_फास्ट, बाकरवडीचं माहीत नाही पण भावाला सांग कढीपत्ता वाळवून न्यायला.